पडद्यावरची शिल्लक आणि हाती येणारा पैसा
(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा मजकूर)



मंगळवार, २४ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या खातेदारांच्या मोबाईलवर बँकेचा एक संदेश येऊन धडकला. आदल्या दिवशी रिझर्व्ह बँकेने बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५-अ अन्वये या बँकेवर निर्बंध लादले होते. पुढील सहा महिने कोणत्याही ठेवीदाराला आपल्या खात्यातून एकूण १,००० रुपयांपेक्षा अधिक रक्कम काढता येणार नव्हती. दिवसाला हजार नव्हे, आठवड्यालाही नव्हे. सहा महिन्यांत मिळून हजार. खात्यात वीस हजार असोत की वीस लाख, शाखेत जाऊन मागितले काय अथवा यंत्रात कार्ड घातले काय, मर्यादा एकच होती.

या बँकेचा आरंभ १९८४ साली शीव येथील एका शाखेपासून झाला. पुढे तिचे मुख्य कार्यालय भांडुपला आले आणि २०१९ पर्यंत तिच्या १३७ शाखा झाल्या. मुलुंड-भांडुपच्या पट्ट्यात ती घरची बँक मानली जाई. दुकानदार, टॅक्सीवाले, निवृत्त नोकरदार, गृहनिर्माण सोसायट्या, गुरुद्वारे असे सर्व प्रकारचे ठेवीदार तिच्याकडे होते. व्याजाचा दर थोडा अधिक, शाखेतील माणसे ओळखीची आणि कामाच्या वेळा व्यापाऱ्याला सोयीच्या, एवढ्या गुणांवर विश्वास बसायला वेळ लागत नाही. ३१ मार्च २०१९ रोजी बँकेकडे ११,६०० कोटी रुपयांहून अधिक ठेवी होत्या. त्या मंगळवारी शाखांच्या दारांशी जी गर्दी लोटली, तिच्यातील बहुतेकांच्या पासबुकात शिल्लक जशीच्या तशी छापलेली होती. एक रुपयाही कमी झालेला नव्हता. तरीही मुलीचे लग्न, रुग्णालयाचे बिल, शाळेची फी यांतील काहीही त्या छापील आकड्यातून भागत नव्हते.

ऑनलाइन बचत खात्यातून पैसे कसे पाहावेत आणि कसे काढावेत, असा या व्याख्यानाचा विषय ठरला, तेव्हा कार्ड, पिन, पासवर्ड यांचीच माहिती अपेक्षित असावी. तीही पुढे येईल. परंतु खात्यात दिसणे आणि हाती येणे या दोन गोष्टींमध्ये केवढे अंतर असू शकते, हे उपनगरांनी प्रत्यक्ष अनुभवले आहे आणि म्हणून आरंभ तेथूनच करणे योग्य.

पेढीवर बसलेल्या माणसाला हे अंतर समजावून सांगण्याची खरे तर गरज पडू नये. कोणा पार्टीचे पाच हजार आपल्या वहीत जमा असले, तर ते पाच हजार वेगळे बांधून तिजोरीच्या कोपऱ्यात ठेवलेले नसतात. ते आपले देणे असते आणि मागणी येताच फेडावयाचे असते. बँकेतील बचत खातेही नेमके तसेच. खातेदार सावकार आणि बँक ऋणको. ठेव स्वीकारताच बँक त्यातील काही भाग रोख व सरकारी रोख्यांत ठेवते आणि उरलेला कर्जाऊ देते. मोबाईलच्या पडद्यावर दिसणारा आकडा हा त्या देण्याची कबुली असतो. ती कबुली किती खरी, हे दुसऱ्या बाजूच्या कर्जांवर अवलंबून असते आणि ती बाजू खातेदाराच्या पडद्यावर कधीच दिसत नाही.

भांडुपच्या बँकेत ती बाजू जाणूनबुजून झाकली गेली होती. तपासात पुढे आले ते असे की, बँकेच्या एकूण कर्जापैकी सुमारे ७० टक्क्यांहून अधिक कर्ज हाउसिंग डेव्हलपमेंट अँड इन्फ्रास्ट्रक्चर लिमिटेड, म्हणजे एचडीआयएल, या एकाच बांधकाम समूहाकडे अडकले होते. त्या समूहाची ४४ थकीत कर्जखाती रिझर्व्ह बँकेच्या तपासनिसांना दिसू नयेत, म्हणून त्यांच्या जागी २१,०४९ खोटी खाती दाखविण्यात आली होती. संगणक आला म्हणजे लबाडी अवघड होईल, अशी एक भाबडी समजूत असते. येथे संगणकामुळेच हजारो खोटी नावे तयार करणे सोपे झाले; हाताने वही लिहिणाऱ्या मुनिमाला एकवीस हजार खाती रचताना बोटे झिजवावी लागली असती.

निर्बंधांची मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने सैल झाली: २६ सप्टेंबरला १०,००० रुपये, ३ ऑक्टोबरला २५,०००, १४ ऑक्टोबरला ४०,०००, ५ नोव्हेंबरला ५०,००० आणि १९ जून २०२० रोजी एक लाख. पन्नास हजारांची मर्यादा जाहीर करताना रिझर्व्ह बँकेने सांगितले, की ७८ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना आता आपली संपूर्ण शिल्लक काढता येईल. हे विधान खरे होते. परंतु ते माणसांच्या संख्येविषयी होते, पैशांविषयी नव्हे. ज्यांच्या खात्यात पाच-दहा हजार होते, ते मोकळे झाले. ज्यांनी निवृत्तीची सारी पुंजी तेथे ठेवली होती, ते उरलेल्या २२ टक्क्यांत होते. आजारपण, लग्न, शिक्षण अशा निकडीसाठी प्रशासकाकडे अर्ज करून एक लाखापर्यंत मागण्याची सोय होती. म्हणजे आपल्याच पैशांसाठी आपले दुखणे कागदावर सिद्ध करावयाचे. त्या काळात ठेवीदारांच्या मृत्यूच्या ज्या वार्ता एकामागून एक येत होत्या, त्या वाचताना या अपमानाचाही विचार मनात येतो.

अखेर २५ जानेवारी २०२२ पासून ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतची रक्कम ठेव विम्यातून मिळाली. त्यावरील रकमेसाठी वैयक्तिक ठेवीदारांना दहा वर्षांपर्यंत पसरलेला टप्प्यांचा कार्यक्रम आखून देण्यात आला. सत्तरीतल्या माणसाला दहा वर्षांचा वायदा देणे म्हणजे काय, हे येथे वेगळे सांगावयास नको.

आता थोडे मागे जाऊ. व्यापारी समाजाने दूरच्या गावी पैसा पोहोचविण्याचा आणि तो योग्य माणसालाच मिळावा याचा विचार बँका येण्यापूर्वी कितीतरी आधी केला होता. हुंडी हे त्याचे साधन. दाखविताच पैसे द्यावयाचे ती दर्शनी हुंडी, ठरलेल्या दिवसांनी द्यावयाचे ती मुदती. शाहजोग हुंडीचे पैसे वाटेल त्याच्या हाती पडत नसत. बाजारात पत असलेला कोणी शाह ती घेऊन आला, तरच पेढी रक्कम मोजत असे, कारण उद्या काही खोटे निघाले तर विचारायला माणूस हाताशी असावा. आकड्यात कोणी शून्य वाढवू नये म्हणून रकमेचे निमे लिहून ‘त्याचे दुप्पट’ अशी जोड दिली जाई. हुंडी वाटेत गहाळ झाली तर पेठ लिहून दिली जाई, पेठही हरवली तर परपेठ. आणि पैसे चुकते झाले की ती हुंडी खोका म्हणून दप्तरी जमा होई, म्हणजे तीच पुन्हा वटवता येत नसे. आजच्या ऑनलाइन व्यवहारात पासवर्ड, मोबाईलवर येणारा एकवेळचा संकेतांक म्हणजे ओटीपी, व्यवहाराचा क्रमांक, ही सारी मंडळी त्याच जुन्या चिंतेची नवी अपत्ये आहेत. कोण मागतो आहे, किती मागतो आहे आणि दुसऱ्यांदा तर मागत नाही ना, हे तीन प्रश्न बदललेले नाहीत. फरक इतकाच, की शाहजोग हुंडीत ओळख पटविण्याची जबाबदारी पेढीची होती. ओटीपीच्या व्यवहारात ती बरीचशी खातेदारावर येऊन पडली आहे.

उपनगरातल्या ज्येष्ठांना टोकनाचा काळ आठवत असेल. पैसे काढण्याची स्लिप भरून द्यावी, पितळी टोकन हातात घेऊन बाकावर बसावे, आत लेजरची भली मोठी वही उघडली जाई, सही ताडून पाहिली जाई आणि मग रोखपालाच्या पिंजऱ्यातून नंबर पुकारला जाई. ज्या शाखेत खाते, त्याच शाखेत पैसे. अंधेरीचा खातेदार घाटकोपरला अडला तर तेथील शाखा त्याला ओळखत नसे. देशातील पहिले एटीएम १९८७ साली मुंबईतच एचएसबीसी बँकेने बसविले. १९९७ मध्ये इंडियन बँक्स असोसिएशनने ‘स्वधन’ नावाचे सामायिक एटीएम जाळे मुंबईत सुरू केले. त्याने एका बँकेच्या कार्डावर दुसऱ्या बँकेच्या यंत्रातून पैसे निघू लागले. पण ते फार वर्षे टिकले नाही. २००४ मध्ये नॅशनल फायनान्शियल स्विच आले आणि ही सोय देशभर रुजली. पैसे पाठविण्यासाठी आरटीजीएस २००४ मध्ये, एनईएफटी २००५ मध्ये आणि सुटीच्या दिवशीही तत्काळ पोहोचणारी आयएमपीएस २०१० मध्ये आली. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन यांनी यूपीआयचा आरंभ केला. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस अहोरात्र चालू झाली. एका पिढीच्या आत बाकावरची प्रतीक्षा संपली.

सोय वाढली तसे मधल्या दुव्यांचे अस्तित्व विसरले गेले. ५ मार्च २०२० रोजी येस बँकेवर स्थगिती येऊन प्रत्येक ठेवीदाराला ५०,००० रुपयांची मर्यादा घालण्यात आली, तेव्हा या बँकेत ज्यांचे खातेही नव्हते अशा असंख्य लोकांचे व्यवहार अडले. त्यांच्या मोबाईलवरील फोनपे हे अॅप येस बँकेच्या जाळ्यावर चालत होते आणि ते काही काळ बंद पडले. अॅपमध्ये पैसा नसतो. अॅप ही केवळ खिडकी. पैसा कोणत्या तरी बँकेच्या वहीत असतो आणि खिडकी उघडी राहण्यासाठी आणखी कोणत्या तरी बँकेची यंत्रणा चालू असावी लागते. ती स्थगिती १८ मार्चला उठली, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच. पण ज्याच्या घरात त्या दिवसांपुरते हजार-दोन हजार रोख होते आणि ज्याचे दुसऱ्या बँकेत एक लहानसे खाते होते, त्याची झोप मोडली नाही. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत एटीएमवर दिवसाला प्रथम २,००० आणि मग २,५०० रुपयांची मर्यादा होती व बचत खात्यांवरील सर्व मर्यादा उठण्यास १३ मार्च २०१७ उजाडले. तेव्हाही अनुभव हाच होता.

आणि रोकड तिजोरीत आहे म्हणून निश्चिंत राहावे, तर १३ फेब्रुवारी २०२५ ची घटना समोर येते. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर त्या दिवशी निर्बंध आले आणि या खेपेस आरंभी एक रुपयाही काढण्याची मुभा नव्हती. प्रभादेवी व गोरेगाव येथील तिजोऱ्यांतून १२२ कोटी रुपयांची रोकड नाहीशी झाल्याचे पोलीस तक्रारीत नोंदले गेले. वहीत रोकड होती, तिजोरीत नव्हती! २७ फेब्रुवारीपासून २५,००० रुपये काढण्याची अनुमती मिळाली आणि ४ ऑगस्ट २०२५ पासून ही बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. या प्रकरणाचा शेवट भांडुपच्या प्रकरणापेक्षा पुष्कळच लवकर आणि ठेवीदारांना सुसह्य असा झाला. त्याचे श्रेय सहकारातीलच एका जुन्या, भक्कम बँकेला जाते, हे नमूद करावयास हवे; नाहीतर सहकारी बँक म्हटले की नाक मुरडण्याची जी नवी सवय लागली आहे, तीत न्याय नाही.

या दोन प्रकरणांच्या मधल्या काळात एक मोठा बदल घडला. ठेव विमा महामंडळाचे संरक्षण १९९३ पासून प्रत्येक ठेवीदारामागे एक लाख रुपयांवर थांबले होते. सत्तावीस वर्षांत महागाई कोठल्या कोठे गेली, संरक्षण तेथेच राहिले. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते पाच लाख झाले. पुढे २०२१ च्या दुरुस्ती कायद्याने असे ठरविले, की बँकेवर निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम ठेवीदाराला मिळावी. पूर्वी बँक अवसायनात निघेपर्यंत वर्षानुवर्षे थांबावे लागे. मात्र या पाच लाखांविषयी घरोघरी गैरसमज आहेत. मर्यादा खात्यामागे नसून एका बँकेतील एका ठेवीदारामागे आहे. बचत खाते मुलुंडच्या शाखेत, मुदत ठेव घाटकोपरच्या शाखेत आणि आवर्ती ठेव बोरिवलीत असली, तरी बँक एक असल्यास सगळ्यांची बेरीज होते. त्या बेरजेत मुद्दल आणि व्याज दोन्ही येतात. म्हणजे पाच लाख मुद्दल ठेवणाऱ्याचे व्याज संरक्षणाबाहेर गेले. पती-पत्नीचे संयुक्त खाते हे वैयक्तिक खात्याहून वेगळे धरले जाते. निरनिराळ्या बँकांतील ठेवींना मात्र प्रत्येकी स्वतंत्र संरक्षण असते.

इथवर पैसा अडकण्याची कथा झाली. दुसरी व्यथा याच्या नेमकी उलट आहे: पैसा इतक्या सहजपणे निघतो, की तो निघाल्याचे खातेदाराला नंतर कळते.

यातील एक प्रकार बँकेच्या यंत्रणेवरच घाला घालण्याचा. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम व्यवहारांना मान्यता देणाऱ्या यंत्रणेशी चोरांनी अशी लबाडी केली, की बनावट कार्डांवर आलेली प्रत्येक मागणी मंजूर होत गेली. २८ देशांतील यंत्रांतून काही तासांत पैसे निघाले आणि दोन दिवसांनी आणखी रक्कम हाँगकाँगला वळविली गेली. एकूण ९४ कोटी रुपये. तो फटका बँकेने सोसला, खातेदारांच्या शिलकेला धक्का लागला नाही. सामान्य माणसाच्या खात्यावर पडणारे दरोडे याहून फार साधे असतात. त्यांत यंत्रणा फोडावी लागत नाही. दार खातेदारच उघडून देतो, कारण त्याला घाबरविलेले असते किंवा घाईत पाडलेले असते. केवायसी आज रात्री बंद होणार, विजेची जोडणी कापली जाणार, तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले. पोलिसी गणवेशातला माणूस व्हिडिओवर येऊन वृद्ध दांपत्याला तासन्‌तास खोलीत बसवून ठेवतो आणि त्याला ‘डिजिटल अटक’ असे नाव देतो. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही. व्हिडिओ कॉलवरून कोणतेही पोलीस कोणाला अटक करीत नाहीत, आणि खात्यातील पैसे ‘तपासणीसाठी’ दुसऱ्या खात्यात भरावयास कोणतेही न्यायालय सांगत नाही.

यूपीआयच्या बाबतीत एकच गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ असली तरी पुष्कळ अनर्थ टळतील. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन लागतो तो केवळ देण्यासाठी आणि शिल्लक पाहण्यासाठी. जुना सोफा विकावयास काढला, समोरचा म्हणाला की हा चौकोन स्कॅन करा म्हणजे तुमच्या खात्यात पैसे येतील, आणि पडद्यावर पिन मागितला गेला, की तेथेच थांबावे. तसेच ‘मदतीसाठी’ म्हणून कोणी आपला मोबाईल दुरून पाहू देणारे अॅप उतरवून घ्यावयास सांगत असेल, तर तो आपल्या खांद्यावरून पिन पाहण्याचीच परवानगी मागत असतो. बँकेचा दूरध्वनी क्रमांक शोधयंत्रात शोधू नये. तो कार्डाच्या पाठीवर छापलेला असतो.

एवढी काळजी घेऊनही पैसे गेलेच, तर पहिला तास सोन्याचा. राष्ट्रीय मदतक्रमांक १९३० वर तक्रार केल्यास रक्कम ज्या खात्यात गेली ते गोठविण्याचा प्रयत्न होतो. चोर ती रक्कम खात्यामागून खात्यात फिरवीत असल्याने प्रत्येक मिनिटागणिक ती निसटत जाते. त्याच वेळी बँकेला कळवून तक्रारीचा क्रमांक घ्यावा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने, आणि सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, खातेदाराची जबाबदारी ठरवून दिली. दोष बँकेचा असेल तर खातेदारावर काहीच भार नाही. दोष दोघांचाही नसून यंत्रणेत अन्यत्र असेल आणि खातेदाराने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तरीही त्याची जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसांत कळविल्यास सर्वसाधारण बचत खात्यासाठी ती कमाल १०,००० रुपये. परंतु खातेदाराने स्वतः पिन वा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचेच; कळविल्यानंतरचे मात्र बँकेचे. बरीच मंडळी लाजेपोटी दोन दिवस घरात बोलत नाहीत. सून काय म्हणेल, मुलगा मोबाईल काढून घेईल, या संकोचात जे तास जातात, त्यांची किंमत रुपयांत मोजावी लागते. घरातील तरुणांनी वृद्धांना हसू नये, यामागे संस्काराइतकाच हिशेबही आहे.

एटीएमने पैसे दिले नाहीत आणि खात्यातून मात्र वजा झाले, तर घाबरण्याचे कारण नाही. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती रक्कम आपोआप परत जमा व्हावयास हवी. न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. (योगायोग असा, की या परिपत्रकानंतर तिसऱ्याच दिवशी भांडुपच्या बँकेवर निर्बंध आले.) यंत्रातून निघालेली पावती, किंवा ती न निघाल्यास यंत्राचे ठिकाण आणि वेळ लिहून ठेवावी.

आता एका नाजूक विषयाकडे. उपनगरांतील कितीतरी घरांत वडिलांचे कार्ड आणि पिन मुलाकडे असतो, कारण वडिलांना रांगेत उभे राहवत नाही. वडील निवर्तल्यावर रुग्णालय, अंत्यविधी, उठमणे यांचा खर्च समोर असतो आणि त्याच कार्डावर पैसे काढले जातात. हेतू शुद्ध असतो. पण खातेदाराच्या मृत्यूनंतर त्याच्या कार्डावर वा यूपीआयवर पैसे काढण्याचा अधिकार कोणालाही नसतो, आणि वारसांमध्ये उद्या मतभेद झाले तर तीच नोंद चोरीचा पुरावा म्हणून पुढे ठेवली जाते. यावर उपाय खातेदाराच्या हयातीतच करावयाचे असतात. खाते संयुक्त असून ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेली व्यक्ती’ अशी सूचना असेल, तर हयात जोडीदाराला पैसे काढता येतात. नामनिर्देशन असेल तर बँक त्या व्यक्तीला रक्कम देऊन मोकळी होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यासाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करण्याची सोय झाली आहे. मात्र नामनिर्देशित व्यक्ती त्या रकमेची मालक होत नाही. ती वारसांच्या वतीने ती स्वीकारते, हे न्यायालयांनी वेळोवेळी स्पष्ट केले आहे. भावाभावांत जे अबोले होतात, त्यांतील काही या एका वाक्याच्या अज्ञानातून होतात. मृत खातेदारांच्या दाव्यांचा निकाल सर्व कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत लावावा, असे निर्देश रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये दिले.

मोबाईल क्रमांकाकडेही असेच दुर्लक्ष होते. खात्याला जोडलेला क्रमांक बंद पडला, की ओटीपी येत नाही. आणि तोच क्रमांक पुढे दूरसंचार कंपनीने दुसऱ्या कोणाला दिला, तर ओटीपी त्याच्याकडे जातो. मुलगा परदेशी गेला, त्याने येथला क्रमांक सोडून दिला आणि आईच्या खात्याला तोच जोडलेला होता, अशी उदाहरणे अपवादात्मक नाहीत. दोन वर्षे खातेदाराने काहीच व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय ठरते. दहा वर्षांनंतर त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेकडील ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. ती बुडत नाही, वारसांना बँकेमार्फत परत मागता येते, आणि अशा ठेवी शोधण्यासाठी ऑगस्ट २०२३ पासून ‘उद्गम’ हे संकेतस्थळ आहे. ज्यांना शाखेपर्यंत जाणे जमत नाही अशा सत्तरीपुढील खातेदारांना घरपोच सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना सांगितले आहे. ती मागावी लागते.

राहता राहिला धर्मादाय संस्थांचा प्रश्न, आणि सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी विश्वस्त मंडळींसमोर तो मांडणे अप्रस्तुत होणार नाही. भांडुपच्या बँकेच्या विलीनीकरणात संस्थात्मक ठेवीदारांच्या वाट्याला व्यक्तींपेक्षा कठीण गोष्ट आली. विम्यापलीकडील त्यांच्या ठेवींपैकी ८० टक्के रकमेचे रूपांतर नव्या बँकेच्या कायमस्वरूपी अग्रहक्क भागांत झाले. त्यांवर लाभांश वर्षाला १ टक्का. उरलेल्या २० टक्क्यांचेही रोखीऐवजी भागभांडवलाशी निगडित हक्कपत्रांत रूपांतर झाले. म्हणजे अनेकांच्या दानातून जमलेल्या रकमेचे एका रात्रीत अशा कागदात रूपांतर होऊ शकते, की ज्यातून ना पाखरांचा दाणा विकत घेता येईल, ना विद्यार्थ्याची फी भरता येईल.

देवद्रव्य, ज्ञानद्रव्य, साधारण, जीवदया अशी खाती आपल्याकडे काटेकोरपणे वेगळी ठेवली जातात आणि एका खात्यातील पै दुसऱ्यात जाऊ दिली जात नाही. ही शिस्त कौतुकास्पद आहे. परंतु ठेव विम्याच्या दृष्टीने एकाच ट्रस्टच्या नावे एकाच बँकेत असलेली ही सर्व खाती एकत्र धरली जातात. चार खात्यांना वीस लाखांचे नव्हे, मिळून पाच लाखांचेच संरक्षण असते. ट्रस्टचा पैसा कोठे गुंतवावा याचे बंधन सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३५ ने घातलेले आहेच. त्या चौकटीत राहूनही तो एकाहून अधिक बँकांत विभागता येतो.

धनादेशावर दोन विश्वस्तांच्या सह्या हव्यात, हा नियम बहुतेक ट्रस्टच्या ठरावात असतो. ऑनलाइन बँकिंग सुरू करताना मात्र सोयीसाठी एकच पासवर्ड घेतला जातो आणि तो कार्यालयातील संगणकाशेजारी चिठ्ठीवर लिहिलेला असतो. संस्थांच्या खात्यांसाठी बँका अशी व्यवस्था देतात, की एकाने व्यवहार नोंदवावा आणि दुसऱ्याने, आपल्या स्वतंत्र पासवर्डने व आपल्याच मोबाईलवरील ओटीपीने, त्यास मान्यता द्यावी. त्याशिवाय रक्कम हलत नाही. त्यासाठी विश्वस्तांच्या सभेचा ठराव आणि बँकेचा एक अर्ज एवढेच लागते. विश्वस्त बदलला, की त्याचा पासवर्ड त्याच आठवड्यात रद्द करून घ्यावा आणि नव्या विश्वस्ताचा क्रमांक नोंदवावा. महिन्याच्या शेवटी बँकेचा उतारा खजिनदाराने नव्हे, तर ज्याच्याकडे पासवर्ड नाही अशा तिसऱ्या विश्वस्ताने वहीशी ताडून पाहावा आणि खाली तारखेसह सही करावी.